दहा झाडं, मुळासकट

मास्टरांच्या दुकानात कपडे शिवून तयार झाले तरी लगेच हातात पडत नसत. आधी गाजरगवताची दहा झाडं आणून दाखवावी लागत. झाडं कोवळी हवीत, मुळासकट हवीत आणि मुख्य म्हणजे त्यांना फूल आलेलं नको. दुकानाच्या पायरीशी एक फुटकं घमेलं असे, त्यात ती टाकायची. मग मास्टर गळ्यातली टेप काढून एकेक झाड मापत, मूळ तुटलेलं असलं तर बाजूला काढत आणि म्हणत, "नऊच हाये. एकाची मुळी तिथंच रायली. जा, आन अजून एक."

शिलाईचे पैसे पोळ्यानंतर देतो म्हटलं तर चालत असे. झाडं मात्र रोख.

एका वर्षी ऐन लग्नसराईत एका नवरदेवाचा कोट तयार होता आणि झाडं आलेली नव्हती. उन्हाळ्यात गाजरगवत तरी कुठे मिळणार? हातपंपाच्या सांडपाण्यावर तेवढं बारा महिने हिरवं असे. अंगाला हळद लागलेला तो पोरगा दोन मित्रांना घेऊन गवत उपटायला नालीत वाकला आणि इकडे बँडवाले वाजवून वाजवून दमले. नवरीकडच्यांनी विचारलं, नवरदेव कुठे आहे? मुलाचा बाप म्हणाला, "निंदाले गेला." ही गोष्ट मास्टर स्वतः कधी सांगत नसत, पण दुसऱ्या कोणी सांगितली की मान खाली घालून शिवणयंत्र जोरात चालवत. हसू लपवायची त्यांची ती रीत होती.

मी तेव्हा तेल्हारा तालुक्यात कृषी सहायक म्हणून नवाच लागलो होतो. घर अमरावतीला, नोकरी इकडे, आणि डोक्यात एकच विचार की बदली कधी होते. वर्षं वाईट होती. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं, लोक रानं पडीक टाकत होते, आणि मोठमोठ्या साहेबांची पथकं येऊन पाहणी करून जात होती. पडीक रानात दुसरं काही येवो न येवो, गाजरगवत यायचंच. बांधावर-धुऱ्यावर, रस्त्यावर, शाळेच्या कुंपणाला, मशिदीच्या मागे आणि देवळाच्या पुढे, सगळीकडे तेच. नवे कपडे शिवायला कोणी टाकत नसे, त्यामुळे मास्टरांच्या दुकानात ठिगळं आणि उसवणच जास्त. गावातले सगळे त्यांना मास्टरच म्हणत, मीही तेच म्हणू लागलो.

पहिल्यांदा पँट शिवायला गेलो तेव्हा त्यांनी माप घेता घेता मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सरकारी हाये का?"

"हो. कृषी सहायक."

"मंग बसाच्या जागी कापड डबल लावतो. शेतकऱ्याचा पायजमा गुडघ्याले फाटते, सरकारी पँट तिथं फाटते."

मला राग यायला हवा होता, पण मी हसलो. पुढच्या आठवड्यात दहा झाडं घेऊन गेलो तर त्यांनी तीन नापास केली. मी कृषी पदविकाधारक माणूस, आणि एक शिंपी मला गवत उपटायला शिकवत होता. तरी त्या दिवसापासून ते मला साहेब म्हणायचं थांबले आणि भाऊ म्हणू लागले. ही बढती आहे हे मला फार उशिरा समजलं.

त्यांचं एक वचन गावात पोराटोरांना पाठ होतं: "घोट्याइतकं असलं तं उपट, गुडघ्याइतकं झालं तं रड, कमरेइतकं झालं तं सरकारले अर्ज कर." गळ्यातल्या टेपवर त्यांनी घोट्याच्या उंचीला लाल दोऱ्याची गाठ मारून ठेवली होती. रस्त्यानं चालता चालता मध्येच वाकून ते गवत मापत. बसस्टॉपवर उभे असले तरी मापत. अनोळखी माणसाला वाटे, सरकारनं रस्ता रुंदीकरण काढलेलं दिसतं.

हे वेड लागलं ते चाचीमुळे. चाची म्हणजे त्यांची बायको. घरची शेती नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं लोकांच्या शेतात निंदायला जाई. एका पावसाळ्यात तिच्या हातांची, मानेची, पापण्यांची कातडी सुजली आणि फुटली, मग दम लागायला लागला. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, हे गाजरगवतानं होतंय, त्याच्यापासून लांब राहा. मास्टर त्या डॉक्टरची नक्कल करत. "लांब रहा म्हने. म्या म्हनलं, डॉक्टरसाहेब, लांब म्हंजे कुठी? मक्केले?"

तेव्हापासून चाची दुकानातच बसे, काजं करी, बटणं लावी. हातांना मऊ धोतराच्या पट्ट्या गुंडाळलेल्या असत आणि त्या पट्ट्यांतून सुई चाले. मास्टर जुन्या पँटींच्या कापडाचे हातमोजे शिवून निंदणाऱ्या बायकांना फुकट वाटत. अंगठ्याचा एक कप्पा, बाकी चार बोटांचा एक. बायका आधी हसल्या, मग मागून नेऊ लागल्या.

पण मास्टरांचा खरा जीव भुंग्यांत होता. अकोल्याच्या कृषी प्रदर्शनात त्यांना कोणीतरी सांगितलं की मेक्सिकोचा एक भुंगा आहे, तो गाजरगवताशिवाय दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. त्यांनी तिथून जेवणाच्या डब्यात भुंगे आणले. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली होती. एसटीत कंडक्टरनं विचारलं, डब्यात काय आहे? "पाहुणे हाये." जित्राब असलं तर तिकीट लागेल म्हणाला, तर मास्टर म्हणाले, "हाफ काढा, लहान हाये." ज्वारीच्या दाण्याएवढा तो पिवळट भुंगा, पाठीवर गडद रेघा. मास्टर तळहातावर घेऊन मला दाखवत. "पाहा भाऊ, रेघा कशा सरळ हाये. हे शिलाई आपल्याच्यानं नाई होत."

गावात शिरतानाच, बाजाराच्या मैदानाला लागून पंचायतीची थोडी पडीक जागा होती. सरपंचांनी ती मास्टरांना तोंडी देऊन टाकली होती. सरपंचांच्या लग्नाचा सूट मास्टरांनीच शिवलेला, दोघांची तेव्हापासूनची दोस्ती. त्या जागेत मास्टर गाजरगवत मुद्दाम वाढू देत, भुंग्यांचा चारा म्हणून. आम्हाला उपटायला लावता आणि स्वतः पिकवता का, असं लोक चिडवत. मास्टर शांतपणे सांगत, "तुमी उपटून किती उपटसान? इथलं खाऊन झालं का थे गावात येईन. सब्र ठेवा." पहिली दोन वर्षं काही दिसलं नाही. चौथ्या वर्षी शाळेच्या कुंपणाचं सगळं गवत खाऊन नुसत्या काड्या उरल्या. पाचव्या वर्षी भुंगे नाल्यापलीकडच्या धुऱ्यांपर्यंत पोचले. त्या पावसाळ्यात चाचीनं एकदा पट्ट्या सोडून भाकरी थापल्या, हे मास्टरांनी मला दुकानातून हाक मारून सांगितलं.

थंडी पडली की भुंगे जमिनीत शिरतात, चार बोटं खाली, आणि पुढच्या पावसाला वर येतात. ते दिवस आले की मास्टर त्या जागेत जाताना चपला काढून ठेवत. आवाजसुद्धा लहान करत. "खाली झोपले हाये," म्हणत. मी सुरुवातीला हसलो. पुढे मीही बूट काढून त्यांच्या मागे उभा राहू लागलो. भुंगे तिथे कसे झोपतात आणि कधी उठतात, हे त्या गावात मास्टरांखालोखाल मलाच माहीत होतं. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्यावं.

लोकसहभागातून गाजरगवत निर्मूलन करणाऱ्या गावांना सरकारी निधी मिळणार, असं पत्र आलं तेव्हा मी उड्या मारल्या. आमच्या गावात लोकसहभाग म्हणजे मास्टरांचं घमेलं! मी एका बैठकीत प्रस्ताव लिहिला. भुंग्यांसाठी जाळीचे पिंजरे, बायकांसाठी हातमोजे, शाळेतल्या पोरांसाठी भुंगे ओळखायचे तक्ते. मास्टरांचं वचनसुद्धा घातलं, फक्त शेवटचा सरकारी भाग गाळून. प्रस्ताव मंजूर झाला. मंजुरीत ट्रॅक्टरचं भाडं होतं, फवारणी होती, गावाच्या तोंडाशी लावायचा फलक होता. पिंजरे आणि मोजे नव्हते. मी कार्यालयात विचारलं तर बाबूंनी सांगितलं, भुंग्याला लेखाशीर्ष नाही.

निधी आला फेब्रुवारीच्या शेवटी आणि खर्च करायचा मार्चअखेर. मी मास्टरांना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी यंत्र थांबवलं.

"भाऊ, गवत उगवते कवा?"

"पावसाळ्यात."

"पैसा आला कवा? अन् आता उपटाचं काय मंग? ढेकूळ?"

मी म्हटलं, यंदा कागद पूर्ण करू, पुढचा हप्ता पावसाळ्याआधी येईल, त्यात तुमचे पिंजरे पुन्हा घालू. ते यंत्र पुन्हा चालू करत म्हणाले, "तुमी म्हनता तं होईन." मला तेव्हा ते फार गोड वाटलं.

त्याच सुमारास त्यांच्या लेकीचं बाळंतपण अमरावतीला होतं. चाचीला घेऊन ते निघाले. निघायच्या दिवशी मला त्या जागेपाशी घेऊन गेले, चपला काढल्या, मीही बूट काढले. वर वाळलेल्या गाजरगवताची खराटं कमरेइतकी उभी होती.

"वीस-पंचवीस दिवस लागतीन. कोनी जनावर नोका शिरू देऊ इथं. सरपंचाले सांगतलं हाये, पन त्याचं ध्यान नाई रायत. तुमी पायजा." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अमानत समजजा, भाऊ."

आठवड्यानं निरोप आला की तपासणीचं पथक येतंय. सार्वजनिक जागेत गाजरगवत उभं दिसता कामा नये, आधीचा आणि नंतरचा फोटो लागेल, दोन्हींत जबाबदार कर्मचारी उभा पाहिजे. आणि आमच्या साहेबांनी जाता जाता मला सांगितलं की हे गाव नीट उतरलं तर तुझ्या अमरावतीच्या अर्जाला मी चांगला शेरा देतो.

गावाच्या तोंडाशी, पथकाची जीप जिथे थांबणार त्याच जागी, ती कमरेइतकी खराटं.

सरपंच म्हणाले, "मास्टरले येऊ द्या ना. त्याची जागा हाये थे."

मी म्हणालो, "पथक थांबणार नाही."

"मंग वरची खराटं तेवढी कापून घ्या. नांगर काहून लावता?"

नुसती खराटं कापून चाललं असतं. हे सरपंचांना सुचलं, जे कधी शाळेत पुरते गेले नाहीत, आणि मलाही सुचलं होतं. पण मंजुरीत नांगरट होती, कापणी नव्हती. ट्रॅक्टरचं भाडं दाखवायला ट्रॅक्टर चालायला हवा होता, आणि काळीभोर उलटलेली जमीन फोटोत जशी दिसते तशी कापलेली खुंटं दिसत नाहीत. मी ट्रॅक्टर बोलावला. खराटं आधी पेटवून दिली. मग नांगर लागला.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर बगळे आले. मग साळुंक्या. नांगर पुढे गेला की मागच्या ढेकळांवर उतरत आणि टिपत राहत. ट्रॅक्टरवाला खूश होऊन म्हणाला, "साहेब, पाखरांची चंगळ हाये आज." मी जवळ जाऊन एक ढेकूळ उचललं. त्यात तीन होते. पाय पोटाशी घेतलेले, पाठीवरच्या रेघा सरळ. मी ते ढेकूळ पुन्हा खाली ठेवलं, आणि ट्रॅक्टर थांबवला नाही. अर्धी जागा तेव्हा शिल्लक होती. याची मला जेवढी लाज वाटते तेवढी सुरुवातीची वाटत नाही. तेव्हा निदान मी स्वतःला फसवत होतो. त्यानंतर तेही नव्हतं.

पथक आलं, खूश होऊन गेलं. फलक लागला: गाजरगवतमुक्त गाव. फोटो छान आला.

मास्टर परतले ते एसटीतून उतरून घरी न जाता थेट जागेवर. पिशवी त्यांच्या हातातच होती. मी पंचायतीतून पाहिलं आणि गेलो, कारण न जाणं वाईट दिसलं असतं. ते नांगरटीच्या कडेला उभे होते. चपला काढलेल्या होत्या. उन्हानं ढेकळं तापलेली, तरी अनवाणीच.

"कोनं केलं?"

मी म्हणालो, "पंचायतीनं. मला कळलं तोवर होऊन गेलं होतं."

खोटं बोलायला मला क्षणभरही लागला नाही. त्या दिवसापासून मास्टरांनी सरपंचांशी बोलणं टाकलं. सरपंच दुकानावरून गेले की ते यंत्रावर मान घालत. सरपंचांनी एकदाही माझं नाव घेतलं नाही. रस्त्यात भेटले की मला नमस्कार करत, पूर्वी करत तसाच. तो नमस्कार घेणं मला जड जाई, पण मी घेत असे.

पाऊस आला. मास्टर रोज सकाळी टेप घेऊन जागेवर जाऊन बसत. गवत उगवलं, घोट्यापर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं. एकही पान कुरतडलेलं नव्हतं. फलकाच्या खांबाभोवती तर आधी उगवलं. पुढचा हप्ता आलाच नाही. गाव गवतमुक्त झाल्याचा दाखला आम्हीच दिला होता, मग हप्ता कशासाठी? चाचीच्या हातांच्या पट्ट्या कोपरापर्यंत चढल्या. मी दुकानात गेलो की ती तशाही हातांनी चहा करून देई. तिला काही माहीत नव्हतं. मी तो चहा पीत असे.

एके दिवशी पंचायतीत गेलो तर भिंतीवर नवी चौकट टांगलेली. जिल्ह्याहून आलेलं प्रशस्तिपत्र आणि खाली तो फोटो. मागे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमागे पांढरे बगळे, आणि पुढे मी, ट्रॅक्टरवाल्याला हातानं दिशा दाखवताना. चौकट चार दिवसांपूर्वी लागली होती. मास्टर रोज दुपारी पेपर वाचायला तिथेच, त्याच भिंतीसमोरच्या बाकावर बसत.

मी उलट पावली निघालो. माझी एक पँट दुकानात तयार होती. वाटेत मी नालीत वाकून दहा झाडं उपटली. कोवळी, मुळासकट, एकालाही फूल नाही. इतकी चांगली झाडं मी कधीच उपटली नव्हती. दुकानापुढे सरपंच बसलेले होते, मास्टर त्यांच्याशी बोलत होते. मला पाहून सरपंच उठून गेले.

मी झाडं घमेल्यात ठेवली. मास्टरांनी टेप काढली नाही. पँटीची घडी केली, कागदात गुंडाळली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"मापत नाही का, मास्टर?"

"नाई. तुमच्याकडून नाई घेत," ते म्हणाले. "न्या साहेब."

इतक्या दिवसांनी साहेब. शिव्या घातल्या असत्या तर मी पाय धरले असते. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता, मोठ्या माणसाला देतात तसा मान होता. मी पँट घेऊन आलो. नंतर पाहिलं, बसायच्या जागी कापड नेहमीसारखं दुहेरी लावलेलं होतं.

चांगला शेरा मिळाला, अमरावती काही मिळाली नाही. मोर्शीला बदली झाली. संत्र्यांच्या बागांत माझी दहा-अकरा वर्षं गेली. त्या काळात अकोल्याला कितीदा तरी गेलो, पण तिथून गावाकडची गाडी धरली नाही. मग एका सप्टेंबरात अकोल्याहून भुंगे मिळवले, डब्याच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली आणि एसटीत बसलो. मला कोणी डब्यात काय आहे विचारलं नाही.

मास्टर दुकानात एकटेच होते. डोळ्यांना दिसत नसल्यानं सुईत दोरा ओवला जात नव्हता, यंत्रावर कापड झाकलेलं होतं. गळ्यात टेप मात्र होती. चाचीबद्दल विचारलं.

"अमरावतीले ठेवलं, लेकीपाशी. इथची हवा जमत नाई तिले. श्वास बंद होते."

"आणि तुम्ही इथे?"

"मंग इथं कोन पाहीन?"

मी डबा पुढे केला. त्यांनी झाकण उघडलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, आणि त्यांचा चेहरा जुन्यासारखा झाला. उठले आणि चालू लागले. जागेवर गवत कमरेच्या वर गेलेलं, वर बारीक पांढऱ्या फुलांचा खच. त्यांनी डबा हळूच एका झाडापाशी उपडा केला.

मी म्हणालो, "मास्टर, तो ट्रॅक्टर मी आणला होता."

"मालूम हाये," ते भुंग्यांकडे पाहत म्हणाले. "चाय घ्याल?"

मी वाकलो आणि झाडं उपटायला लागलो. पहिलं झाड मुळासकट निघालं, दुसऱ्याला हात घातला.

"राहू द्या, साहेब," मास्टर म्हणाले. "फूल आलं आता. उपटसान तं बीज पडते."

ते चहा सांगायला निघून गेले. मी तिथेच उभा राहिलो. हातातलं झाड खाली टाकलं तर बी सांडणार होतं. शेवटी मी ते मोडून रिकाम्या डब्यात भरलं, झाकणाला भोकं होती म्हणून वरून रुमाल घट्ट बांधला, आणि एसटीत मोर्शीपर्यंत तो डबा मांडीवर धरून बसलो.